माती आधी खाचेत बसते

गुंजवण्यातून राजगडाच्या चोर दरवाजाकडे जी वाट चढते, तिच्यावरून आम्ही आमच्या गेमची जमीन रचत होतो. आम्ही म्हणजे दोघंच. कोड माझा मित्र लिहितो. जमीन, दगड, गवत, तटबंदी हे सगळं माझ्याकडे. इंजिन, म्हणजे गेम चालवणारं सॉफ्टवेअर, गोडो 4. गोष्ट साधी आहे: एक जासूद रात्री निरोप घेऊन पायथ्यापासून गडावर जातो. लढाई नाही, तलवार नाही. खेळणाऱ्याने पाय नीट टाकायचा, एवढंच. मुरमावर पाय घसरतो, कातळावर पकड मिळते, शेवाळावर अजिबात मिळत नाही, गवतातून चाललं तर आवाज होत नाही.

त्यामुळे जमिनीचं दिसणं आमच्यासाठी सजावट नव्हतं. खेळणाऱ्याला पुढचं पाऊल बघून ओळखता यायला हवं होतं, की इथे कातळ आहे की वर माती आहे. आणि नेमकं तिथेच पहिले तीन महिने अडलो.

सुरुवात सगळे करतात तशीच केली. चार थर घेतले: कातळ, मुरूम, माती आणि गवत. एक मास्क घेतला. मास्क म्हणजे एक चित्रच, पण त्यातले लाल, हिरवा, निळा आणि अल्फा (एरवी पारदर्शकतेचा) हे चार चॅनल रंग दाखवायला नसतात, प्रत्येक चॅनल एका थराचं वजन सांगतो. लाल पूर्ण असेल तिथे कातळ, हिरवा पूर्ण असेल तिथे मुरूम. दोन्ही अर्धे असतील तर अर्धा कातळ, अर्धा मुरूम. याला स्प्लॅटिंग म्हणतात. चार्ल्स ब्लूम यांनी 2000 साली या पद्धतीवर लिहिलं होतं आणि आजही बहुतेक गेममधली जमीन याच विचारावर उभी आहे. मी मऊ ब्रश घेतला, वाट रंगवली, कडेने गवत फिरवलं, आणि कॅमेरा जासुदाच्या डोळ्यांच्या उंचीवर आणला.

लांबून बरं दिसत होतं. जवळून बघितलं तर कातळ आणि माती जिथे भेटतात तिथे दोन फोटो एकमेकांवर ठेवून अर्धे पुसल्यासारखं झालं होतं. दगडाच्या भेगा मातीतून आरपार दिसत होत्या. मातीचा रंग दगडाच्या उंच टोकावरही तेवढाच आणि भेगेच्या तळाशीही तेवढाच. सीमेवरच्या दीड-दोन मीटरच्या पट्ट्यात जमीन कशाचीच नव्हती. मित्राने पावलाचा आवाज जोडला तेव्हा ते जास्तच उघडं पडलं. डोळ्यांना धूसर पट्टा दिसतोय आणि कानाला मधेच दगडाचा टणक आवाज येतोय.

मी ब्रश बदलले. कडा कठीण करून पाहिल्या, तर कागद कापून चिकटवल्यासारखं झालं. कडांवर नॉइज, म्हणजे ओबडधोबड चढउतार, घातला, तर सीमा नागमोडी झाली, पण पट्टा धूसरच राहिला.

मे 2023 मध्ये आम्ही टेक्स्चरसाठी, म्हणजे जमिनीवर अंथरायच्या पोताच्या चित्रांसाठी, फोटो काढायला गेलो. गावातले एक काका वाट दाखवायला बरोबर होते. वय साठीच्या पुढे, पायात साधी चप्पल, आणि मी दर दहा पावलांवर बसून जमिनीचे फोटो काढतेय हे बघून ते पहिला अर्धा तास काहीच बोलले नाहीत. मग एका खडकाळ टप्प्यावर मी त्यांना लॅपटॉपवरचं चित्र दाखवलं. म्हटलं, काका, इथे माती आणि दगड नीट मिसळत नाहीयेत.

काका वाकले, बोटाने समोरच्या कातळावरची धूळ बाजूला केली आणि म्हणाले, "ताई, माती कातळात मिसळती व्हय? ती आधी खाचंत बसती. खाच भरली की मग वर येती. आन पावसात पुन्ना धुऊन जाती, पर खाचंतली राहती."

मी त्या दगडाकडे नीट बघितलं. हाताच्या पंज्याएवढ्या जागेत सगळं होतं. दगडाच्या उंच कडा स्वच्छ, काळ्या, हजारो पावलांनी गुळगुळीत झालेल्या. त्यांच्याखाली भेगांमध्ये तांबूस माती गच्च. एका भेगेत गवताची तीन वाळकी पाती, कारण तिथे मुळाला धरायला माती होती. आणि या दोन्हींच्या मधली रेघ अगदी बारीक, केसाएवढी. मिश्रण कुठेच नव्हतं. जे होतं ते उंच आणि सखल होतं.

तेव्हापासून माझ्या डोक्यात कामाचा क्रमच फिरला. दोन थर किती प्रमाणात मिसळायचे हे विचारण्याऐवजी मी विचारायला लागले की आधी काय होतं, आणि नंतर येऊन काय कुठे बसलं.

मेमधले ते फोटो मात्र सगळे वाया गेले. दुपारचं कडक ऊन होतं आणि प्रत्येक खड्याची सावली फोटोत कायमची उतरली होती. गेममध्ये चंद्र डाव्या बाजूला आणि खड्याची सावलीही डाव्या बाजूला, असं दिसलं की डोळा लगेच अडखळतो. रंगाच्या टेक्स्चरमध्ये फक्त पदार्थाचा रंग हवा, उजेड त्यात मुरलेला नको. उजेड इंजिन देतं.

म्हणून जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा गेलो. आभाळ भरून आलं होतं, पाऊस सुरू व्हायचा होता. असा उजेड फोटोंसाठी सोन्यासारखा असतो, कारण तो सगळीकडून सारखा येतो. जमिनीवर दोन मीटर बाय दोन मीटरचा चौकोन दोरीने आखायचा, शेजारी मोजपट्टी आणि चोवीस रंगचौकोनांचा चार्ट ठेवायचा, आणि वरून सरळ खाली बघत, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा बराचसा भाग येईल अशा बेताने ओळीने फोटो घ्यायचे. एका चौकोनाचे साठ-सत्तर फोटो होत. काका चौकोनात कुणी पाय ठेवू नये म्हणून उभे राहत. एकदा एक शेळी आलीच, तिला त्यांनी हुसकलं.

घरी येऊन ते फोटो मेशरूममध्ये टाकले. हे मोफत सॉफ्टवेअर अनेक फोटोंमधले समान बिंदू जुळवून त्या जागेचा त्रिमितीय आकार काढतं. त्या आकारावरून ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये तीन गोष्टी काढल्या: रंग, नॉर्मल मॅप आणि हाइटमॅप. नॉर्मल मॅप सांगतो पृष्ठभाग कुठल्या दिशेला कलला आहे. हाइटमॅप सांगतो प्रत्येक ठिकाण किती वर किंवा खाली आहे. पांढरं म्हणजे उंच (1), काळं म्हणजे खोल (0). दोन मीटरच्या तुकड्याला 2048 पिक्सेल, म्हणजे एका पिक्सेलला जवळपास एक मिलिमीटर. भेगेतली माती आणि दगडाची कड वेगळी कळायला एवढं पुरतं.

पहिल्या प्रयत्नात हाइटमॅप माझ्याकडे नव्हताच, आणि खरी चावी तोच होता.

आता हिशेब बघा. प्रत्येक थराची त्या पिक्सेलवरची उंची घ्यायची आणि तिच्यात मास्कमधलं वजन मिळवायचं. ज्याची बेरीज जास्त, तो थर वर दिसतो. कडा अगदी चिरल्यासारखी दिसू नये म्हणून एक छोटी पट्टी ठेवायची, समजा 0.2. सर्वात मोठ्या बेरजेतून 0.2 वजा करायचे, आणि प्रत्येक थर त्या रेषेच्या जेवढा वर असेल तेवढाच त्याचा वाटा. रेषेखाली असेल तर वाटा शून्य.

समजा एका जागी मास्क म्हणतो कातळ 0.4, माती 0.6. दगडाच्या उंच कडेवर कातळाची उंची 0.8, मातीची 0.3. बेरीज 1.2 आणि 0.9. रेषा 1.0 वर. कातळाचा वाटा 0.2, मातीचा शून्य. म्हणजे तिथे निव्वळ कातळ दिसतो, मास्क मातीच्या बाजूने असूनही. आता तीन सेंटिमीटर बाजूला, भेगेत या. कातळाची उंची 0.2, माती 0.3. बेरीज 0.6 आणि 0.9, रेषा 0.7 वर. कातळ शून्य, निव्वळ माती. आणि दगडाच्या उतारावर, जिथे कातळाची उंची 0.5 आहे, तिथे दोन्ही बेरजा 0.9 येतात आणि तिथेच, फक्त तिथेच, दोन्ही थर एकत्र दिसतात. जुन्या पद्धतीत या तिन्ही जागी चाळीस टक्के कातळ आणि साठ टक्के माती हेच एक उत्तर होतं.

मास्कमध्ये मातीचं वजन हळूहळू वाढवत नेलं की माती आधी सर्वात खोल भेगा भरते, मग उथळ खळगे, मग फक्त दगडांची टोकं उरतात, मग तीही बुडतात. मी रात्री साडेबारा वाजता तो स्लायडर पुढे-मागे करत बसले होते. काकांचं वाक्य समोर घडत होतं.

पावलाच्या आवाजाचा प्रश्नही इथेच सुटला. मित्राने तोच हिशेब कोडमध्येही घातला: जासुदाचा पाय जिथे पडतो तिथली उंची आणि वजन वाचायची, ज्या थराचा वाटा मोठा त्याचा आवाज आणि त्याचीच पकड. डोळ्याला कातळ दिसला तर पायाखाली कातळच असतो.

लगेच एक चूक पुढे आली. कड्यावर, जिथे मी गवताचं वजन अगदी शून्य ठेवलं होतं, तिथे गवताचे फिकट ठिपके उमटायला लागले. तेव्हा मी पट्टी 0.3 केली होती. कातळाचं वजन 1, पण भेगेच्या तळाशी उंची 0.1, बेरीज 1.1, रेषा 0.8 वर. गवताचं वजन शून्य, पण पात्याच्या टोकाची उंची 0.9, म्हणून बेरीज 0.9. रेषेच्या 0.1 वर! कातळाचा वाटा 0.3, गवताचा 0.1, म्हणजे तिथे पंचवीस टक्के गवत. मास्कमध्ये नसलेली वस्तू केवळ उंचीच्या जोरावर आत शिरत होती. उपाय एका ओळीचा निघाला: शेवटी आलेल्या वाट्याला पुन्हा त्या थराच्या वजनाने गुणायचं. वजन शून्य तर वाटाही शून्य. ही ओळ लिहायला दहा सेकंद लागले, चूक समजायला दोन दिवस.

त्याहून मोठी अडचण रंगांच्या हिशेबाची होती, आणि ती मी जरा सविस्तर सांगते, कारण याच चुकीवर मी इतरांनाही अडलेलं बघितलं आहे. एके दिवशी शेडरची, म्हणजे पिक्सेलचा रंग ठरवणाऱ्या कोडची, मांडणी बदलल्यावर सगळा कातळ प्लास्टिकसारखा चकचकीत दिसायला लागला. शिवाय जमीन एका कोपऱ्याकडे कलंडल्यासारखा उजेड घेत होती. आणि गवत-मातीच्या सीमा आधीपेक्षा अरुंद झाल्या होत्या. तीन वेगळ्या तक्रारी, म्हणून आम्ही तीन वेगळी कारणं शोधत बसलो. कारण एकच होतं.

रंगाची चित्रं एसआरजीबी या पडद्यासाठीच्या पद्धतीत साठवलेली असतात, आणि उजेडाचा हिशेब करण्याआधी इंजिनला ती सरळ प्रमाणात आणावी लागतात. गोडोच्या शेडरमध्ये त्यासाठी टेक्स्चरच्या घोषणेपुढे 'सोर्स कलर' अशी सूचना लिहितात. ती ओळ नक्कल करताना नॉर्मल, रफनेस (खरबरीतपणा) आणि मास्कच्या टेक्स्चरलाही चिकटली होती. ही चित्रं रंग नसून आकडे आहेत. त्यांचं रूपांतर झालं की 0.5 चे 0.21 होतात. सपाट पृष्ठभागाच्या नॉर्मलचे पहिले दोन आकडे 0.5 हवेत, ते 0.21 झाले आणि सगळी जमीन कलंडली. कातळाचा रफनेस 0.7 होता, तो 0.45 झाला आणि दगड चकाकला. मास्कमध्ये कातळ 0.75 आणि माती 0.25 अशी जागा 0.52 आणि 0.05 झाली, म्हणजे पंचाहत्तर टक्क्यांचा कातळ एक्क्याण्णव टक्क्यांवर गेला आणि सीमा आक्रसली. सूचना काढली, तिन्ही तक्रारी एकदम गेल्या. रंगाच्या टेक्स्चरला ती सूचना हवीच. त्याच्या अल्फात आम्ही उंची भरतो, पण अल्फाला हे रूपांतर लागत नाही, म्हणून ती सुरक्षित राहते.

मास्कबद्दल आणखी एक. तो कधीही व्हीरॅम कॉम्प्रेशनने, म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीसाठी दाबून, आयात करू नका. ते कॉम्प्रेशन चार बाय चार पिक्सेलच्या ठोकळ्यांत चालतं. आमचा मास्क एक किलोमीटरला 1024 पिक्सेल, म्हणजे पिक्सेलला साधारण एक मीटर. त्यामुळे वाटेच्या कडेला चार-चार मीटरच्या पायऱ्या दिसायला लागल्या होत्या. मास्क लॉसलेस, म्हणजे काहीही न गमावता, ठेवला, प्रश्न मिटला. थरांची टेक्स्चर मात्र कॉम्प्रेस करावीच लागतात. 2048 बाय 2048 पिक्सेलचं एक चित्र न दाबता 16 एमबी घेतं. आमची अशी आठ चित्रं, मिपमॅपसकट (दूरसाठीच्या लहान प्रतींसकट) जवळपास 170 एमबी. दाबल्यावर तीच 43 एमबीच्या आसपास येतात. साध्या लॅपटॉपवर गेम चालायचा असेल तर हा फरक फार मोठा आहे.

मग उभा कडा. जमिनीचं टेक्स्चर वरून खाली अंथरलेलं असतं, त्यामुळे उभ्या कड्यावर ते ओढल्यासारखं लांबतं, पावसाच्या ओघळांसारख्या रेघा दिसतात. यासाठी ट्रायप्लॅनर पद्धत वापरतात: तेच टेक्स्चर वरून, समोरून आणि बाजूने अशा तीन दिशांनी टाकायचं आणि पृष्ठभाग ज्या दिशेला तोंड करून आहे तिला जास्त वजन द्यायचं. किंमत अशी की प्रत्येक टेक्स्चर तीनदा वाचावं लागतं. चार थर, प्रत्येकाची तीन टेक्स्चर, तीन दिशा, म्हणजे एका पिक्सेलसाठी छत्तीस वाचनं. माझ्या लॅपटॉपचा पंखा तेवढ्याने घरघरायला लागला. शेवटी रंग आणि उंची एका चित्रात, नॉर्मल, रफनेस आणि भेगांचा अंधार दुसऱ्या चित्रात असं भरलं आणि ट्रायप्लॅनर फक्त कातळाला ठेवलं. माती, मुरूम, गवत उभ्या कड्यावर टिकतच नाहीत, मग त्यांच्यासाठी तीन दिशा कशाला? कातळाची सहा वाचनं, बाकी तिघांची मिळून सहा, आणि मास्कचं एक. तेरा.

सह्याद्रीच्या कड्याला मात्र एवढ्याने न्याय मिळत नाही. हा डोंगर लाव्हाच्या थरांवर थर साचून बनला आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. म्हणून कडे पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. डेक्कन ट्रॅपमधला 'ट्रॅप' हा शब्दच पायरीसाठीच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. दोन थरांमध्ये काही ठिकाणी तांबड्या, मऊ मातकट खडकाचा पट्टा असतो. पट्ट्याखालचा दगड टणक, पट्टा झिजतो, तिथे कपार तयार होते आणि कपारीत गवत धरतं. हे दाखवायला मी कातळाच्या रंगावर उंचीप्रमाणे बदलणारी एक अरुंद पट्टी गुणली. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीवरून कुठल्या थरात आहोत ते ठरतं, म्हणून वाटेच्या दोन बाजूंचे कडे एकाच पातळीवर एकसारखे रंग दाखवतात. डोंगराकडे बघणाऱ्या माणसाला ते कळत नाही, पण पटतं.

टायलिंगचा प्रश्न सगळ्यांनाच येतो. दोन मीटरचा तुकडा एक किलोमीटरवर पाचशे वेळा पुन्हा पुन्हा येतो, आणि वरून माचीवरून खाली बघितलं की तोच एक पांढुरका दगड ओळीने मोजता येतो. आम्ही तेच टेक्स्चर दुसऱ्या मापाने आणि फिरवून पुन्हा वाचलं आणि मोठ्या नॉइजने दोन्हींमध्ये निवड केली. हा नॉइज केन पर्लिन यांचा, 1980 च्या दशकातला, आणि इतक्या वर्षांनीही तो रोजच्या वापरात आहे. दोन वाचनांची नुसती सरासरी काढली तर दोन्हींमधला गडद-फिकट फरक मरतो आणि जमीन पिठूळ दिसते. इथेही आम्ही उंचीचाच हिशेब लावला आणि फरक टिकला.

लांबवरचा एक दोष मात्र मला बराच उशिरा दिसला. दूरच्या जागेसाठी इंजिन टेक्स्चरच्या लहान केलेल्या प्रती वापरतं, म्हणजे मिपमॅप. ही कल्पना लान्स विल्यम्स यांनी 1983 साली मांडली, आणि तिच्याशिवाय दूरची जमीन सतत लुकलुकत राहील. पण लहान प्रतीत हाइटमॅपचीही सरासरी होते. भेग आणि कड दोन्ही मिळून एकच करडा आकडा उरतो. मग उंचीच्या हिशेबाला निवडायला काही राहत नाही, दोन थरांत कोण वर हे फक्त मास्क ठरवतो, आणि पट्टी अरुंद असल्यामुळे दूरच्या डोंगरावर माती आणि कातळाची सीमा सुरीने कापल्यासारखी सरळ दिसते. आम्ही अंतराबरोबर ती पट्टी रुंद केली: जवळ 0.15, दोनशे मीटरवर 0.6. दूरवर मिश्रण चालतं, कारण दूरवर आपला डोळाही मिश्रणच बघतो.

एवढं झाल्यावर मी मास्क पुन्हा पहिल्यापासून करायला घेतला. हाताने रंगवलेला मास्क माझ्या मनातल्या वाटेचा होता, डोंगराच्या वाटेचा नव्हता. आता नियम असे ठेवले. उतार फार तीव्र असेल तिथे कातळ. कड्याच्या पायथ्याशी, उतार साधारण पस्तीस अंशांच्या आसपास असेल तिथे घसारा, कारण सुटा मुरूम त्याहून तीव्र उतारावर ठरत नाही, खाली ओघळतो. मग पाणी. जमिनीच्या हाइटमॅपवर प्रत्येक ठिकाणी एक थेंब टाकायचा, तो शेजारच्या सर्वात सखल जागी जातो, तिथून पुढे, असं करत कुठून किती थेंब गेले ते मोजायचं. जिथून खूप गेले तिथे माती टिकत नाही, कातळ किंवा गोटे उघडे पडतात. जिथे पाणी मंदावतं तिथे माती साचते. आणि सर्वात शेवटी माणसाचा पाय. वाटेच्या मधोमध गवत शून्य, मुरूम दबलेला आणि फिका, वाटेच्या दोन्ही कडांना पायाने उडालेला सुटा मुरूम. पायरीसारख्या दगडांवर रफनेस थोडा कमी, कारण पावलांनी दगड झिजतो. तो मेमध्ये बघितलेला गुळगुळीत काळा कातळ मला इथे हवा होता.

ऑगस्टमध्ये आम्ही तिसऱ्यांदा गेलो, श्रावणात. तीच वाट ओळखू येईना. मेमधली पिवळी-तपकिरी जमीन हिरवीगार, दगड काळेभोर, आणि जिथे तिथे पाणी झिरपत होतं. गेममध्ये पावसाळ्याची रात्र होती, म्हणून ओल्यासाठी वेगळा थर करायचा होता. माझा पहिला समज असा की ओलं म्हणजे चकचकीत. ते अर्धंच बरोबर आहे. मुरूम भिजला की आधी गडद होतो. त्याच्या कणांमध्ये हवा असते. तिथे पाणी शिरलं की उजेड आतल्या आत जास्त वेळा आपटतो, बाहेर कमी येतो. भरीव कातळात पोकळ्या कमी, म्हणून तो मुरमाएवढा गडद होत नाही, पण त्याच्यावर पाण्याचा पापुद्रा धरतो आणि तो चमकतो. मी मुरमाचा रंग 0.55 ने गुणला आणि कातळाचा 0.8 ने. पाणीही हाइटमॅपवरूनच भरलं: ओल वाढवली की आधी खळग्यांत डबकी होतात, मग ती जोडली जातात. डबक्यात नॉर्मल सपाट आणि रफनेस जवळपास शून्य.

शेवाळासाठी नॉर्मल मॅपही जोडावे लागले. दगडाचा उंचसखलपणा तसाच राहून त्याच्यावर शेवाळाचा मऊ बारीक पोत यायला हवा. दोन नॉर्मलची सरासरी काढली तर दोन्ही निम्मे सपाट होतात. कॉलिन बॅरे-ब्रिझबॉय आणि स्टीफन हिल यांनी 2012 साली एक पद्धत मांडली, तिच्यात बारीक नॉर्मल मोठ्या नॉर्मलच्या कलाप्रमाणे वळवून बसवतात. ती लावली आणि शेवाळ दगडाला धरलं. त्याआधी ते वर तरंगत होतं.

दिवाळीनंतर आम्ही लॅपटॉप घेऊन काकांकडे गेलो. ओसरीवर बसलो, काकूंनी चहा आणला. मी गेम सुरू केला, आवाज वाढवला आणि जासुदाला हळूहळू चालवत नेलं. काका डोळे बारीक करून बघत होते. खडकाळ टप्पा आला तेव्हा ते म्हणाले, "हां, हे बराबर. खाचंत बसलीया." मग पुढच्या वळणावर त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं.

"हितं माती न्हाय राहत, ताई. वरच्या कातळावरनं पाणी येतं, सरळ हितंच पडतं. पावसाळ्यात हितं निस्ता दगूड असतो, आन त्याच्या खालच्या अंगाला चिखल."

मी जमिनीच्या हाइटमॅपमध्ये बघितलं. खऱ्या वाटेवर तिथे वरच्या बाजूला एक छोटा कातळी उंबरा होता, पण आमच्या जमिनीचा नकाशा इतका बारीक नव्हता की थेंबांच्या हिशेबात तो यावा. पाणी दोन मीटर डावीकडून वाहून जात होतं. मी काकांना विचारलं, नेमकं कुठून कुठपर्यंत? त्यांनी ओसरीवरच्या जमिनीवर बोटाने रेघ काढून दाखवली, आणि रेघेच्या खालच्या टोकाला तळहाताने एक गोल.

तिथेच बसून मी मास्क उघडला. पाच पिक्सेल लांब, दोन पिक्सेल रुंद कातळ, आणि त्याच्याखाली मातीचं वजन 0.8, ओल जास्त. पुन्हा गेम सुरू केला. जासूद वळणावर आला, त्याचा पाय दगडावर टणकला, पुढचं पाऊल चिखलात रुतलं.

"आता सांभाळून," काका म्हणाले, "पुढं सुटा मुरूम हाय."